डबा बांधा, पण पाण्यात उतरू द्या

प्रति,
पुण्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि अभ्यास मंडळांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी पुण्यात गेली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. त्यातली पाच वर्षं प्रथम वर्षाच्या मुलांना डिजिटल माध्यमं शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे आवाज टिपणं, छोटी चित्रफीत करणं, फोटोंतून गोष्ट सांगणं, पोस्टर करणं आणि या सगळ्यासाठी लागणारं लेखन. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं आणि कौशल्याचे अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी मुलांच्या वेळापत्रकात आले. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता, अजूनही आहे. म्हणूनच हे लिहिते आहे. अभ्यास मंडळाच्या बैठकीत माझ्यासारख्या शिक्षकाला जागा नसते, तेव्हा पत्र उघडच लिहिलेलं बरं.

मागणं एकच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा विषय त्यांचा त्यांना शिकू द्या, आणि ती शिकत असताना त्यांच्या शेजारी बसायला शिक्षकाला वेळ द्या. दोन्ही गोष्टी एका दमात मागते, कारण पहिली मान्य करून दुसरी गाळली जाते हे मी पाहिलं आहे.

आत्ता काय चालतं ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी याच विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. प्रत्येकाने जर्नल आणलेलं, तपकिरी कव्हर घातलेलं, वर लेबल, आत विभागप्रमुखांची सही. उघडलं तर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा पडदा पट्टी लावून पेन्सिलीने काढलेला. फाइल, एडिट, व्ह्यू अशी मेनूतली नावं क्रमाने उतरवलेली. एका मुलीने टाइमलाइन, म्हणजे क्लिप क्रमाने लावायची पट्टी, इतकी सुबक काढली होती की मी पान उलटायचं थांबले. तिला म्हटलं, आता संगणकावर यात एक क्लिप टाकून दाखव. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आम्हाला लॅब दोनदाच मिळाली." तिला ५० पैकी ४२ गुण द्यावे लागले. जर्नलला गुण होते, हजेरीला होते, तोंडी परीक्षेतल्या व्याख्यांना होते, आणि व्याख्या तिला चोख पाठ होत्या. क्लिप टाकता येण्याला तक्त्यात रकानाच नव्हता. त्या मुलीचा यात काडीचा दोष नाही. तिला जे विचारलं जाणार होतं ते ती मन लावून शिकली होती.

याच्या दुसऱ्या टोकाची चूक मी स्वतः केली आहे, तीही सांगायला हवी. विषय माझ्याकडे आला त्या पहिल्या वर्षी मी वर्गात उत्साहाने जाहीर केलं की पुस्तक नाही, नोट्स नाहीत, सगळं यूट्यूबवर आहे, हवं ते शिका आणि सत्राच्या शेवटी एक चित्रफीत आणून द्या. त्याला मी स्वयंअध्ययन समजत होते. शेवटी हाती आलं ते बघून मला रात्री झोप लागली नाही. बहुतेक चित्रफिती एकाच मोबाइल ॲपच्या एकाच साच्यातल्या होत्या. सिंहगडाची कुणीतरी दुसऱ्याने ड्रोनवरून घेतलेली दृश्यं, त्यावर सिनेमातलं उचललेलं संगीत, शेवटी 'धन्यवाद'. ज्यांच्याकडे लॅपटॉप होता आणि घरी कुणीतरी दाखवणारं होतं, त्यांनी बरं काम केलं. जी मुलं परांड्याहून, जामखेडहून, कळवणहून येऊन खोली करून राहत होती त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी काहीच दिलं नाही, आणि काहीच का दिलं नाही हे विचारायला मी सत्रभर त्यांच्याजवळ गेलेच नव्हते.

बैठकांमध्ये, स्टाफरूममध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं, 'पाण्यात पडल्यावर पोहायला येतंच.' माझं माहेर जुन्नरकडचं. आमच्याकडे पोरं विहिरीतच पोहायला शिकली. पण कुणाच्या बापाने पोराला नुसतं ढकलून दिलेलं मी तरी बघितलं नाही. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे, त्याआधीच्या पिढीत वाळका भोपळा. काका किंवा थोरला भाऊ आधीच पाण्यात उतरलेला असायचा, एक जण पायरीवर बसलेला असायचा. हातपाय मात्र पोरालाच मारावे लागत. चार-आठ दिवसांनी डबा सुटायचा, आणि तो कधी सोडायचा हे पायरीवर बसलेल्या माणसाला बरोबर कळायचं. जर्नलवाल्या महाविद्यालयात मुलं काठावर बसून पोहण्याचं चित्र काढत होती. माझ्या पहिल्या वर्षात मी त्यांना ढकलून घरी निघून गेले होते.

या विषयावर जगभर बराच विचार झाला आहे आणि तो नेमका हेच सांगतो. प्रौढशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये आपलं आपण शिकण्याची जी व्याख्या मांडली, तिच्यात शिकणाऱ्यावर बरीच जबाबदारी आहे. आपल्याला काय येत नाही ते ओळखायचं, काय यायला हवं ते ठरवायचं, त्यासाठी माणसं आणि साधनं शोधायची, शिकायची रीत निवडायची आणि शेवटी जमलं की नाही तेही आपणच तपासायचं. पण हे इतरांच्या मदतीने किंवा मदतीवाचून, असं त्याच व्याख्येत आहे, आणि साधनांच्या आधी माणसांचा उल्लेख आहे. फ्लोरिडात पत्रकारिता शिकवणारे जेराल्ड ग्रो यांनी १९९१ मध्ये याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवरचा विद्यार्थी शिक्षकावर पूर्ण अवलंबून असतो आणि चौथीवरचा स्वतःचं स्वतः चालवतो. पहिल्या पायरीवरच्याला चौथीवरचा शिक्षक दिला, म्हणजे 'तुझं तू बघ' म्हणणारा, तर त्याचं नुकसान होतं. चौथीवरच्याला पहिलीचा, म्हणजे ओळ न् ओळ सांगणारा दिला तर तो कंटाळून वर्गच सोडतो. पुढे २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की अगदी नवख्या माणसाला फारसं मार्गदर्शन न देता सोडलं तर त्याची सगळी बुद्धी चाचपडण्यातच खर्च होते, शिकायला उरत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गाचंच वर्णन वाचते आहे असं मला वाटलं.

पुण्याला मुलांनी आपलं आपण अभ्यास करण्याचं नवल नाही, असंही कुणी म्हणेल. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी पहाटेपासून भरलेल्या असतात. त्या मुलांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण तिथे काय वाचायचं ते लोकसेवा आयोगाने ठरवलेलं असतं, बरोबर उत्तर कोणतं तेही. मला हवं आहे ते निराळं. माझ्या मुलाने विषय स्वतः निवडायचा आहे, तो सांगण्याची रीत शोधायची आहे, आणि केलेलं काम चांगलं झालं की नाही याचं माप स्वतः लावायला शिकायचं आहे. बारावीपर्यंत ज्याला एकदाही 'तुला काय करायचंय?' असं कुणी विचारलेलं नाही, तो हा प्रश्न ऐकून गप्प होतो. पहिले दोन-तीन आठवडे त्या गप्प बसण्यातच जातात. ते वाया गेले असं कृपा करून मोजू नका.

शिक्षक नेमका कशाला लागतो, हे मला एका मुलाने शिकवलं. तो बीडकडचा, सकाळी 'कमवा आणि शिका'मध्ये काम करायचा, दुपारी वर्गात यायचा. त्याने आपल्या खोलीमालकांची मुलाखत फोनवर चित्रित केली, सात-आठ मिनिटांची. एडिटिंगला घेतली तेव्हा सुरुवातीला सगळं ठीक होतं, पण शेवटाकडे ओठ आधी हलत आणि आवाज मागून येई. त्याने तीन रात्री त्यावर घालवल्या. मराठीत शोधलं, 'व्हिडिओत आवाज मागे पडतो', काही सापडलं नाही. इंग्रजीत शोधायचं तर कोणता शब्द टाकायचा हेच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला होता आणि विषय बदलून द्या म्हणत होता.

मी त्याला उत्तर दिलं नाही. मला ते त्या वेळी पूर्ण माहीतही नव्हतं. मी फक्त दोन शब्द दिले. याला ऑडिओ सिंक म्हणतात, आणि फोनच्या बाबतीत फ्रेमरेट हा शब्द जोडून शोध. दुसऱ्या दिवशी तो धावत आला. फोन उजेडाप्रमाणे दर सेकंदाच्या चित्रांची संख्या कमी-जास्त करतो, एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ती एकसारखी धरून चालतं, म्हणून आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकतात. हँडब्रेक नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चित्रफीत एकसारख्या फ्रेमरेटला आणली की दुखणं जातं. हे सगळं त्याने मला सांगितलं, मी त्याला नाही. खोलीत ट्यूबलाइट मिणमिणती होती म्हणून घोटाळा जास्त झाला असावा, हा तर्कही त्याचाच.

ज्याला काही येत नाही त्याला आपल्याला काय येत नाही याचं नावही माहीत नसतं, आणि इंटरनेटवर नावावाचून काही सापडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या वाट्याला ही अडचण दुप्पट येते. एक शब्द वेळेवर मिळाला तर तो पुढचं सगळं स्वतः करतो. तो न मिळाल्याने विषय सोडून देणाऱ्या मुलांबद्दल आपण 'यांना आवड नाही' म्हणून मोकळे होतो. त्या मुलाने नंतर स्वतःहून दीड पानाची मराठी टीप लिहिली, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी. तेव्हापासून वर्गात एक जाड वही आहे, तिच्यात जो अडला आणि सुटला त्याने लिहून ठेवायचं. शीर्षकात 'विद्यार्थी' टाइप केलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर का जाऊन बसते, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक का दिसतो, युनिकोड म्हणजे काय, मुक्ता हा फॉन्ट कुठून घ्यायचा, जोडाक्षरं तुटली तर काय करायचं, अशा गोष्टी त्यात आहेत. कुठल्याही इंग्रजी पुस्तकात त्या मिळायच्या नाहीत. अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भसाहित्याची यादी असते तिथे अशा वह्यांना जागा द्या.

दुसरी गोष्ट तांबट आळीतली. प्रथम वर्ष कला शाखेतल्या एका मुलीला कसबा पेठेतल्या तांबट आळीवर चार मिनिटांचं श्राव्य काम करायचं होतं, चित्र नाही, नुसता आवाज. विषय ऐकून मी खूश झाले, कारण मठारकामाच्या, म्हणजे तांब्याचं भांडं हातोडीने घडवण्याच्या, ठोक्यांचा आवाज म्हणजे त्या गल्लीचा श्वासच. ती गेली, एका कारागिरांच्या शेजारी फोन ठेवला आणि बोलत बोलत सगळं ध्वनिमुद्रित करून आणलं. ऐकलं तर प्रत्येक ठोक्याला आवाज फाटत होता आणि काकांचा एक शब्द नीट कळत नव्हता. ती रडवेली झाली. आवाज एकदा असा फाटला की तो कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट सांधत नाही, हे तिला सांगावं लागलं. मग मी तिला एकच विचारलं, "ते काका दिवसभर ठोकतच असतात का?"

ती पुन्हा गेली. या वेळी तासभर काही ध्वनिमुद्रित केलं नाही, नुसती बसून राहिली. जेवणानंतर गल्ली थोडा वेळ शांत होते हे तिच्या लक्षात आलं. त्या शांततेत तिने काकांशी बोलून घेतलं, फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून. ठोके वेगळे घेतले, आधी रस्त्याच्या पलीकडून, मग दारातून, मग अगदी जवळून, दरवेळी आवाजाची पातळी आधी तपासून. रिकाम्या खोलीची अर्धा मिनिट शांतताही घेऊन आली, कारण दोन वाक्यं जोडताना मध्ये भरायला ती लागते हे तिने कुठेतरी वाचलं होतं. घरी ऑडॅसिटी या आवाज जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तुकडे जुळवले. सुरुवातीला लांबून येणारे ठोके, ऐकणारा जणू गल्लीत शिरतो आहे, मग एकदम शांतता आणि काकांचा आवाज. पूर्ण झाल्यावर तिने ते आधी त्यांना जाऊन ऐकवलं आणि त्यांनी नको म्हटलेलं एक वाक्य काढून टाकलं.

हे काम तिने तीनदा केलं, एकदा आवाज फाटलेलं, एकदा नीट जुळवलेलं आणि एकदा काकांना ऐकवून सुधारलेलं. पहिल्या दोन खेपांना तिला सध्याच्या पद्धतीत शून्य गुण आहेत. माझ्या मते सगळं शिक्षण त्या दोन खेपांत झालं.

म्हणून मूल्यमापनाबद्दल माझी विनंती अशी आहे. ५० गुणांतले ३० गुण कामाच्या वहीला द्या, म्हणजे तारखेनिशी लिहिलेली टिपणं, फसलेले मसुदे, कुठे अडलो, कुणाला विचारलं, काय बदललं, याला. हातात आलेल्या अंतिम कामाला २० पुरेत. आणि तोंडी परीक्षा व्याख्यांची नको, उघड्या फाइलसमोर घ्या. हा कट इथेच का केलास? हा आवाज दोन सेकंद आधी का सुरू होतो? हे वाक्य का काढलंस? ज्याने काम केलं आहे तो यावर दहा मिनिटं बोलतो, थांबवावं लागतं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं संहिता लिहून देतात, आवाज देतात, चित्रंही देतात, त्यामुळे फक्त अंतिम काम तपासणाऱ्या परीक्षेला फारसा अर्थ उरलेला नाही. मी ती साधनं वापरायला बंदी करत नाही. कुठे वापरली, काय मिळालं आणि त्यातलं काय टाकून दिलं ते वहीत लिहायला सांगते. टाकून देण्याची कारणं वाचताना मुलाची समज कुठवर आली आहे ते लख्ख दिसतं.

पहिल्या तीन आठवड्यांनंतर मी प्रत्येकाकडून एक पान लिहून घेते. मला काय करायचं आहे, त्यासाठी मला काय यायला हवं, ते मी कुणाकडून आणि कशातून शिकणार, कधीपर्यंत, आणि जमलं हे मी कशावरून ठरवणार. खाली त्याची सही आणि माझी. नोल्स याला शिकण्याचा करार म्हणत. सत्रात मुलं तो बदलतात, बदलू द्यावा, फक्त का बदलला ते लिहावं. पहिल्यांदा लिहिताना जवळपास सगळे 'मला एडिटिंग शिकायचं आहे' असं लिहितात. दुसऱ्यांदा लिहितात तेव्हा 'मला दोन माणसांच्या बोलण्यातली खरखर काढायला शिकायचं आहे' असं होतं. इथे डबा अर्धा सुटलेला असतो.

आता वेळेचं. इथेच घोडं पेंड खातं, म्हणून जरा हिशोब मांडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक (क्रेडिट) आराखड्याप्रमाणे प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. दोन श्रेयांकांच्या विषयाला ६० तास झाले. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार तास, म्हणजे २४० मिनिटं. वीस मुलांची एक तुकडी धरली आणि प्रत्येकाशी दर आठवड्याला दहा मिनिटं त्याचं काम उघडून बसायचं म्हटलं, तर २०० मिनिटं लागतात. उरलेल्या ४० मिनिटांत सगळ्यांनी मिळून एकाचं काम पाहावं, बोलावं. हे नियमांत बसतं. पण त्यासाठी तुकड्या वीसच्या हव्यात आणि ते तास प्रात्यक्षिकाचे म्हणून प्रत्यक्ष लागायला हवेत. मी ज्या ज्या ठिकाणी शिकवलं तिथे बहुतेक वेळा साठ-सत्तर मुलं एका वर्गात, फळ्यासमोर, एका तासाला होती, आणि कागदावर ते प्रात्यक्षिक होतं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला वर्गात उभं राहून बोललेल्या तासाचे पैसे मिळतात. मुलाशेजारी बसून त्याचा मसुदा ऐकण्याचा तास मोजायला कुणी तयार होत नाही, 'ती मुलं तर स्वतःच शिकतात ना,' असं उत्तर मिळतं. स्वयंअध्ययन हा शब्द शिक्षक कमी करण्यासाठी वापरला जाऊ लागला तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन, आणि हे मी तो मनापासून मानणारी शिक्षिका म्हणून लिहिते आहे.

साधनांचं फार नाही. बहुतेक मुलांच्या खिशातला फोन आवाज आणि चित्र दोन्हीला पुरतो. ज्याच्याकडे बरा फोन नाही त्याच्यासाठी विभागात दोन-तीन असावेत, नोंदवहीत सही करून नेता येतील असे. बुधवार पेठेत वायरचे कॉलर माइक मिळतात, चार घेऊन ठेवावेत. आवाजासाठी ऑडॅसिटी, चित्रफितीसाठी केडेनलाइव्ह, रेखाटनासाठी इंकस्केप, फोटोंसाठी गिम्प ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत, परवान्याचा खर्च नाही. लॅब मात्र उघडी हवी. सकाळी काम करणाऱ्या मुलाला संध्याकाळी पाचनंतरच वेळ मिळतो आणि नेमकी तेव्हाच लॅबला कुलूप लागलेलं असतं. किल्ली कुणाकडे ठेवायची हे प्रत्येक महाविद्यालयाने आपलं ठरवावं, पण आठवड्यातले तीन दिवस तरी रात्री आठपर्यंत दार उघडं राहू द्या.

एक गोष्ट मात्र मी मुलांवर सोडत नाही, ती पहिल्याच आठवड्यात स्वतः शिकवते. दुसऱ्याचं काम उचलायचं नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा काय म्हणतो, लेखक गेल्यावर ६० वर्षं त्याच्या लेखनावरचा हक्क कसा टिकतो, आपलं काम इतरांना वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात मूळ कर्त्याचं नाव देणं का बंधनकारक असतं, ज्याचा आवाज किंवा चेहरा घेतो त्याची परवानगी आधी कशी मागायची. विहिरीत उतरण्याआधी तळ किती खोल आहे ते सांगतातच. सिनेमातलं संगीत घ्यायचं नाही म्हटल्यावर मुलं स्वतः आवाज शोधायला बाहेर पडतात, मंडईतल्या तराजूचा, पीएमपी बसच्या दाराचा, वसतिगृहाच्या जिन्याचा, आणि त्यांची कामं एकमेकांसारखी दिसायची थांबतात.

या शहरात हे सगळं मागावं लागतं याचं मला वाईट वाटतं. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १९२९ मध्ये निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. तिचे संस्थापक दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांच्यापैकी कुणीही सिनेमाच्या शाळेत गेलेलं नव्हतं, तशी शाळा तेव्हा आपल्याकडे नव्हतीच. सगळे करत करत शिकले. पण ते ज्यांच्या हाताखाली शिकले ते बाबूराव पेंटर होते, ज्यांनी स्वतः खटपट करून कॅमेरा तयार केला होता. पोरांना हात लावू देणारा आणि शेजारी उभा राहणारा माणूस त्यांना मिळाला होता. त्याच प्रभातच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, चार वर्षांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला मुलांना शिकवलं, मुलांच्या हातात काडेपेटी आणि सायकलची ट्यूब देऊन. हे सगळं आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गापासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत आहे. आमची मुलं मात्र टाइमलाइन पेन्सिलीने काढतात.

या सत्राच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी दहा ते एक, माझ्या वर्गातली मुलं आपापली कामं उघडून बसणार आहेत. पूर्ण झालेलं काम, त्याआधीचे मसुदे आणि वही, तिन्ही टेबलावर असतील. फसलेली कामंही असतील, ती मी मागे ठेवणार नाही. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. कुठल्याही मुलासमोर बसा आणि हा कट इथेच का, एवढं विचारा. नवा अभ्यासक्रम लिहायला घेण्याआधी एवढे तीन तास द्यावेत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
प्रथम वर्षाला शिकवणारी एक शिक्षिका
पुणे